टेकडी, धूळ आणि २१४ जणांचा ग्रुप

प्रिय मावशी,

आम्ही पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात सातव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीतून टेकडी दिसते म्हणून हे घर घेतलं. आता एका बाजूला रेडिमिक्स काँक्रीटचा प्लँट आलाय आणि टेकडीच्या मागच्या अंगाला रात्री पोकलेन चालतो. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पांढरी. मुलगा सहा वर्षांचा आहे. दिवाळीपासून त्याला तीनदा नेब्युलायझर लावावा लागला. मी एक ग्रुप काढला, त्यात २१४ जण आहेत. रोज हवेचे आकडे टाकते, हवामान बदलावरचे लेख टाकते. अंगठे येतात. निदर्शनं ठेवली तेव्हा पाच जण जमलो. त्यातला एक माझा नवरा, तोही गाडी लावायला आलेला. सगळ्यांना मेल केले, चौदा मागण्यांचं निवेदन दिलं, काही झालं नाही. सोसायटीतले एक गृहस्थ मला लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर ‘विकासविरोधी’ म्हणाले. नवरा म्हणतो, घर विकून टाकू. मी आधी कशाच्या मागे लागू? धूळ, टेकडी की हवामान? का सोडूनच देऊ सगळं?

टेकडीखालची एक आई

*

प्रिय टेकडीखालच्या आई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, गाडी लावायला आलेल्या नवऱ्यावर. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे तारीख किंवा वेळ लिहिलेली आहे तिथे रेघ मारत गेले. सगळ्या पत्रात एकच रेघ पडली : दिवाळी. आणि दिवाळी ही काही तारीख नव्हे.

रागावू नका, ही माझी जुनी खोड. मी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. लोक निवेदन घेऊन यायचे, मी शिक्का मारून पोच द्यायचे, नोंदवहीत क्रमांक घालायचे, मग तो कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर जायचा. कुठला कागद हलणार आणि कुठला नस्तीत, म्हणजे फायलीत, झोपणार, हे पुढेपुढे मला तो हातात घेतल्या घेतल्या कळायचं. ज्याच्या खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून राष्ट्रपतींपासून नगरसेवकापर्यंत अकरा नावं असायची, तो हमखास झोपायचा. अकरा जणांना गेलेला कागद हाती आला की प्रत्येकाला वाटतं, उरलेले दहा बघतील.

तुमच्या चौदा मागण्यांचं तेच झालं असणार. प्लँटची धूळ हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. टेकडीचं खोदकाम तहसीलदारांचं. टेकडीवरचं आरक्षण महापालिकेचं. डंपरवर ताडपत्री नाही, हे आरटीओचं नाहीतर वाहतूक पोलिसांचं. झाडं वृक्ष प्राधिकरणाची. आणि ‘हवामान बदलाबाबत ठोस धोरण आखावे’ ही मागणी यातल्या कुठल्याच खात्याची नाही. असा कागद ज्याच्या हाती पडतो तो मागण्या वाचत जातो आणि पहिली परक्या खात्याची मागणी दिसली की ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ लिहून पुढे ढकलतो. त्यात दरवेळी लबाडी असते असं नाही. दुसऱ्याच्या खात्यात हात घातला तर त्यालाच नोटीस मिळते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : आधी धूळ. टेकडी मोठी आणि हवामान त्याहून मोठं, हे मला कळतं. पण धुळीला मालक आहे, मालकाकडे परवाना आहे आणि परवान्यात अटी आहेत. अट मोडली हे दाखवणं हे तुमच्यासारख्या, नोकरी आणि घर सांभाळून धावणाऱ्या बाईच्या आवाक्यातलं काम आहे. शिवाय माणसं जमतात ती एखादी गोष्ट झालेली दिसली की. निदर्शनाला न आलेले दोनशे नऊ जण नालायक आहेत असं समजू नका. त्यांनी आयुष्यात एकही निवेदन कामी आलेलं पाहिलेलं नाही, एवढंच.

आता धूळ येते कुठून ते बघा, कारण ‘प्लँटमुळे धूळ होते’ या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. सिमेंट आणि फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) बल्करमधून, म्हणजे टँकरमधून, हवेच्या दाबाने सायलोत, म्हणजे उंच टाकीत, चढवतात. आत गेलेली हवा बाहेर पडायला वरती फिल्टर असतो. त्याच्या पिशव्या फाटल्या किंवा चोंदल्या, की बल्कर रिकामा होताना सायलोच्या टोकातून पांढरा ढग उठतो. ही झाली एक जागा. दुसरी, खडी आणि वाळूचे उघडे ढीग. तिसरी, आणि बऱ्याचदा सगळ्यात मोठी, प्लँटच्या आतला आणि फाटकासमोरचा कच्चा रस्ता, ज्यावरून मिक्सर दिवसभर ये-जा करतात. चौथी गोष्ट हवेची नाही, पण बघून ठेवा : मिक्सर धुतलेलं पाणी कुठे जातं? जवळच्या ओढ्यात जात असेल तर पाण्याच्या कायद्याखाली वेगळी तक्रार होते आणि ती हवेच्या तक्रारीपेक्षा सिद्ध करायला सोपी, कारण ओढ्यातला घट्ट झालेला सिमेंटचा थर पळून जात नाही.

एक दोनशे पानी वही घ्या. रोज नाही, पण जेव्हा दिसेल तेव्हा लिहा : अमुक तारीख, रात्री ११.४०, बल्कर रिकामा होताना डावीकडच्या सायलोच्या टोकातून पंचवीस मिनिटं ढग, वारा आपल्या दिशेने, फोटो तीन. तीन आठवड्यांत अशा आठ-दहा नोंदी झाल्या की ती तक्रार झाली. अधिकारी पाहणीला येतो तेव्हा त्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं. ‘डावीकडच्या सायलोचा फिल्टर’ असं लिहिलेलं असलं की तो खालीच चहा पिऊन परत जाऊ शकत नाही, शिडी चढावी लागते.

रोजच्या एक्यूआयबद्दल, म्हणजे हवेच्या निर्देशांकाबद्दल, थोडं बोलते. ते आकडे खोटे नसतात, पण ते तुमच्या गल्लीचे नसतात. सरकारी केंद्र काही किलोमीटर लांब असतं आणि निर्देशांक निघतो तो बहुतेक प्रदूषकांच्या चोवीस तासांच्या सरासरीवर. रात्री पंचवीस मिनिटं उठलेला ढग त्यात विरघळून जातो. घरगुती यंत्रांचं दुखणं निराळं. ती बारीक कणांसाठी बरी, पण बांधकामाची धूळ असते जाडी आणि तिथे ती कमी पडतात. दमट हवेत उलट फुगवून सांगतात. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा जाड कणांना, म्हणजे पीएम १० ला, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ला ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून अनुक्रमे ४५ आणि १५. हे माहीत असावं. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तुमचा आकडा नेलात तर वाद यंत्राचा होईल आणि धूळ बाजूला राहील. त्यापेक्षा ‘मंडळाने स्वतः आमच्या इमारतीच्या गच्चीवर यंत्र ठेवून चोवीस तास मोजणी करावी’ ही मागणी करा. एकच मागणी. मोजणी त्यांची, आकडा त्यांचा, मग नाकारणार कोण?

दुसरं काम प्लँटच्या संमतीपत्राची प्रत मिळवणं. हवा कायदा १९८१ चा. त्याखाली मंडळाच्या संमतीशिवाय असा प्लँट उभारता किंवा चालवता येत नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर मिळालं तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकारात मागा. दहा रुपये, तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, हे विसरू नका. तुमची लेखनशैली बघता हेच तुम्हाला जड जाणार आहे. संमतीपत्र आहे का, त्याची मुदत कधी संपते, किती उत्पादनाला परवानगी आहे, धुळीसाठी काय काय बसवायला सांगितलंय, एवढंच पाहायचं. मुदत संपलेली निघाली तर निम्मं काम झालं. नाही निघाली तरी प्रत्येक अटीसमोर तुमच्या वहीतली तारीख लिहून तक्रार करता येते. मंडळ आधी कारणे दाखवा नोटीस काढतं, सुधारणा होईना तर बँक हमी जप्त करतं आणि त्याहीपुढे कलम ३१अ खाली बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश काढू शकतं. पण खरं सांगायचं तर तुम्हाला प्लँट बंद पडायला हवाय, का फिल्टर चालायला, ढीग झाकायला आणि रस्ता पक्का व्हायला हवाय? आधी हे ठरवा. माझ्या अनुभवात दुसरं लवकर मिळतं.

नुसत्या बांधकामांच्या धुळीसाठीही नियम आहेत. २५ जानेवारी २०१८ ला केंद्र सरकारने पर्यावरण नियमांत भर घातली. त्यानुसार साइटवरचे रस्ते पक्के हवेत, वाळू-माती उघडी ठेवायची नाही, दगड-फरशी उघड्यावर कापायची नाही, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त दहा मीटर, असा वाऱ्याचा आडोसा हवा. ज्या शहरांची हवा मर्यादेबाहेर आहे त्यांच्यासाठी हे आहे. शुद्ध हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, जो २०१९ मध्ये सुरू झाला, पुण्याचं नाव आहे. शेजारच्या साइटवर टाइल कटरचा धुरळा दिसला की हा कागद दाखवा.

आता जरा कडू बोलते. हे सगळं करण्याआधी आपल्याच सोसायटीचा कागद काढा. तुमचं संकुल वीस हजार चौरस मीटर बांधकामाच्या वरचं असेल, आणि वर्णनावरून ते असावंसं वाटतं, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागली असणार. त्या पत्रात किती झाडं, पावसाचं पाणी कुठे मुरवायचं, सांडपाणी शुद्धीकरण कसं चालवायचं, सगळं लिहिलेलं असतं आणि दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल द्यायचा असतो. तुमच्याकडचा एसटीपी, म्हणजे तो सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प, चालतो का? का रात्री हळूच बाहेर सोडतात? आणि तुमचा माळी थंडीत पाचोळा जाळतो का? उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई ठरवून दिली आहे. तुम्ही प्लँटच्या फाटकावर उभ्या राहाल तेव्हा तिथला माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल : ‘ताई, तुमची बिल्डिंग कशाची आहे, मातीची?’ त्याचं चूक नाही. तुमचा सातवा मजला असल्याच काँक्रीटचा आहे आणि तोही टेकडीच्या पायथ्यालाच उभा आहे. हे तुम्ही आधी बोललात तर त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही. पाचोळ्याचं खत करणं सुरू करायला आठ दिवस लागतात. ग्रुपमधल्या लोकांनी पाहिलेली पहिली झालेली गोष्ट ती असू दे.

टेकडीचं मात्र दोन भागांत सांगते, कारण एक भाग थांबू शकत नाही.

रात्रीचा पोकलेन. टेकडी फोडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गौण खनिजाचं उत्खनन. मुरूम काढायलासुद्धा महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. विनापरवाना असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली तहसीलदार खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करू शकतात आणि यंत्रं, वाहनं ताब्यात घेऊ शकतात. यासाठी महिनाभर वही भरत बसू नका. तारीख-वेळ उमटलेला फोटो, नकाशावरचं ठिकाण, जमलं तर गट क्रमांक, आणि एक ओळ : ‘स्थळ पाहणी करून पंचनामा करावा.’ तहसीलदारांना आणि तलाठ्यांना, दोघांनाच. रात्री एकट्या वर जाऊ नका, गच्चीवरून फोटो काढा. टेकडी कशासाठी राखायची हे ज्याला कळत नाही त्याला २०१३ चा जून आठवून द्या. कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला डोंगर फोडून पाण्याची वाट बुजवली होती. वळवाच्या एका पावसात लोंढा महामार्गावर आला आणि एक आई आणि तिची तान्ही मुलगी वाहून गेल्या.

दुसरा भाग आरक्षणाचा आणि तो संथ आहे. १९९७ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, तेव्हा त्यांच्या टेकड्यांचं काय करायचं हा वाद सुरू झाला. लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावून तिथे जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण टाकून घेतलं. सुमारे ९७८ हेक्टर. सरकारची त्यावर मोहोर उठायला २०१५ उजाडलं. अठरा वर्षं. त्या काळात ज्यांची मुलं सहा वर्षांची होती ती पदवीधर झाली. तुमची टेकडी बीडीपीत आहे, डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्रात आहे, की आणखी कशात, हे पालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घेऊन आधी बघा. ‘आमची टेकडी’ म्हणून भागत नाही, कागदावर ती काय आहे ते महत्त्वाचं.

आणि मग तारखेवर नजर ठेवा. आराखड्यातलं आरक्षण बदलायचं झालं तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर नोटीस निघते, हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. नोटीस येते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि का कोण जाणे, बऱ्याचदा सणासुदीला. आमच्या भागातलं एक खेळाचं मैदान असंच गेलं. ऐन गणपतीत नोटीस आली होती. मी दिवसभर दुसऱ्यांचे कागद नोंदवत बसले होते आणि स्वतःच्या घराशेजारची नोटीस रद्दीत गेल्यावर वाचली, तीही पोळ्यांखाली घातलेल्या कागदावर. नऊ दिवस उशीर झाला होता. त्या जागी आज काय उभं आहे ते सांगत नाही, माझा रक्तदाब वाढतो. तेव्हा तुमच्या २१४ जणांतल्या एका निवृत्त माणसाला एवढंच काम द्या : रोज सकाळी दोन मराठी पेपरांतल्या जाहीर नोटिसा वाचायच्या. आजवर कुठल्याही पर्यावरण दिनाच्या मिरवणुकीने जेवढं वाचवलं नाही तेवढं हा माणूस वाचवेल.

हरकतींनी काही होत नाही असं कुणी म्हणालं तर गोव्याचं सांगा. तिथला प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी नकाशे घेऊन गावागावांत नेला; आपली बागायत आणि डोंगर कागदावर वस्तीच्या रंगात रंगवलेत हे गावकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. मुंबईच्या आराखड्याचा मसुदाही २०१५ च्या एप्रिलमध्ये चुका आणि हरकतींच्या ओझ्याने नव्याने करावा लागला. पुढे दोन्हीकडे सगळं गोड झालं असं मात्र नाही. गोव्यात जमिनीचे रंग बदलण्यावरून आजही भांडणं चालू आहेत.

टेकडीबाबत आणखी एक. बीडीपीतली जमीन बिल्डरचीच असते असं धरून चालू नका. तिथे वीस गुंठ्यांचे मालक आहेत, वाडवडलांची जमीन असलेले शेतकरी आहेत, कुणी पंचवीस वर्षांपूर्वी भविष्यनिर्वाह निधी काढून घेतलेला प्लॉट आहे. आरक्षणाच्या मोबदल्यात त्यांना आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला गेला. तुमची जमीन असती तर तुम्ही खूश झाला असतात का? अशा एका तरी मालकाला भेटा. चहा प्या, ऐका, लगेच समजवायला जाऊ नका. ‘टेकडी राहावी आणि याला नीट मोबदला मिळावा’ अशी मागणी तुम्ही केलीत तर निदान तो माणूस सुनावणीला तुमच्या विरुद्ध बाजूला बसणार नाही. या शहरातल्या टेकडीप्रेमींनी हे काम फारसं केलेलं नाही, माझ्यासकट.

राहिलं हवामान. ते लेख टाकणं थांबवा. वितळणाऱ्या हिमनगाचा फोटो पाहून कुणी क्षेत्रीय कार्यालयात जात नाही. पण २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कुणाला सांगावी लागत नाही. काही तासांचा पाऊस, आंबिल ओढ्याला पूर, वीसहून अधिक माणसं गेली, सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, गाड्या एकमेकांवर चढल्या. पाऊस तर पडलाच, पण ओढ्याची रुंदी आपण आधीच खाल्ली होती. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, म्हणून असे थोडक्या वेळात कोसळणारे पाऊस वाढतात. टेकडी ते पाणी थोडं धरते, थोडं मुरवते. ती फोडून सपाट केली की सगळं एकदम खाली येतं. आणि तुमच्या टेकडीच्या खाली कोण राहतं? तुम्हीच. ग्रुपवर टाकायचं तर तुमच्या इमारतीजवळून ओढा कुठून जायचा आणि आता तो कुठल्या पाइपात घातलाय, याचा नकाशा टाका. जुन्या गाव नकाशात तो सापडेल. बेसमेंटमध्ये गाडी असलेला प्रत्येक माणूस तो मोठा करून बघेल, याची मी हमी देते.

त्या २१४ जणांना मोर्चाला बोलावू नका, कामं वाटा, आणि कामं छोटी असू द्या. एकीने फोटोंची नावं तारखेप्रमाणे लावायची. एकाने दहा रुपयांचा अर्ज टाकून यायचं. एकाने सुनावणीला फक्त शेजारी बसायचं. सहा माणसं मिळाली तरी पुष्कळ. बाकीचे अंगठे दाखवतील, दाखवू देत; सह्या लागतील तेव्हा तेच अंगठे कामाला येतात.

लिफ्टमधल्या गृहस्थांचं काय करायचं? ते माजी अभियंते आहेत असं माझं मन सांगतं. आपल्याकडे लिफ्टमध्ये विकासावर बोलणारे बहुधा असतातच. त्यांना संमतीपत्राची प्रत नेऊन द्या आणि म्हणा, ‘काका, यातलं तांत्रिक मला कळत नाही, जरा बघता का?’ हे मी चेष्टेत सांगत नाहीये. वाचल्यावर त्यांचं मत बदलेल न बदलेल, पण फिल्टर कुठला हवा होता ते मात्र ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. ग्रुपवर मात्र एक पथ्य पाळा : ‘अमक्याने पैसे खाल्ले’ असं कधीही, कुणीही लिहायचं नाही, दुसऱ्याने लिहिलं तरी काढायला लावायचं. जे पाहिलं तेवढंच लिहायचं. बदनामीची नोटीस आली की धूळ, टेकडी सगळं राहतं बाजूला आणि वकिलाची फी भरत बसावं लागतं.

वकिलावरून आठवलं. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, भरपाई मागायची नसेल तर शुल्क हजार रुपये, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. पण तिथेही मुदत आहे : वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर तीस दिवस, सबळ कारण असेल तर आणखी साठ. म्हणून प्लँट कधी सुरू झाला, पोकलेन पहिल्यांदा कधी दिसला, हे आजच आठवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तिथे जायची वेळ यावी असं मला वाटत नाही, पण वही भरलेली असावी.

घर विकण्याबद्दल. त्यात पळपुटेपणा काही नाही. मुलाला दमा आहे असं डॉक्टर म्हणाले आणि या हवेत राहू नका म्हणाले, तर जा, मागे वळून पाहू नका. टेकडी राखायला मुलाचे फुप्फुस गहाण टाकायचं नसतं. पण अजून तसं कुणी म्हणालेलं दिसत नाही, म्हणून आधी नीट श्वसनरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि त्याचा मास्क लावलेला फोटो पत्रकारांना देऊ नका, कितीही मागितला तरी. सहा वर्षांच्या पोराला आंदोलनाचं पोस्टर करू नये. नवऱ्याशीही या विषयावर रोज बोलू नका. आठवड्यातून एक वार धुळीचा नाही असं ठरवा. त्या दिवशी ग्रुप बंद, वही बंद, बाल्कनीचं दार बंद, बाहेर जेवायला जा. जो माणूस निदर्शनाला गाडी लावायला का होईना आला, तो तुमच्या बाजूचा आहे. त्याला घोषणा द्यायला लावू नका, माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला द्या. दीडशे शब्दांत लिहिणं तुमच्यापेक्षा त्याला जमेल असं पत्रावरून वाटतं.

सुरुवात येत्या सोमवारी करा. महापालिका, जिल्हा परिषद अशा कचेऱ्यांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना नस्त्या विनामूल्य पाहता याव्यात, असा शासन निर्णय २०१८ च्या नोव्हेंबरात निघाला होता; तो अजून पाळतात का, हे आधी विचारून घ्या. ही पद्धत मुळात पुण्याच्याच पालिकेत सुरू झाली. निर्णयाची प्रत बरोबर ठेवा, कारण खिडकीवरचा माणूस असं काही नसतं म्हणण्याची शक्यता आहे. त्याच्याशी भांडू नका, मी त्याच खुर्चीवर बसायचे. प्रत पुढे सरकवा आणि उभ्या राहा. डबा घेऊन जा. वेळ तीनची असली तरी कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो साडेतीनच्या आत येत नाही.

तुमची,
मावशी